बालपणीच्या घराचा गुन्हेगारी टोळीशी संबंध होता का, हे कसे शोधावे

अमेरिकेतील ज्या घरात आपण लहानाचे मोठे झालो, तेथे पूर्वी कुणी दारूमाफिया राहत होता, अशी कुजबुज कानावर आली की तळघराची भिंत ठोकून पाहण्याचा मोह होतो. तरी सुरुवात कागदांपासूनच करावी. काउंटीच्या (तेथील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदणी कार्यालयात आजच्या मालकापासून मागे जात एकेक खरेदीखत काढावे आणि १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात घर कुणाच्या नावावर होते, ते टिपून घ्यावे. मात्र तेथे नामांकित गुंडाचे नाव शोधत बसू नये. अल कपोनचे शिकागोतील प्रेअरी अव्हेन्यूवरचे घरसुद्धा त्याच्या आई आणि पत्नीच्या नावावर होते. म्हणूनच पत्नी, मेहुणा, वकील यांची नावे महत्त्वाची ठरतात. आणि थोड्याच दिवसांत घर दोनदा हस्तांतरित झालेले आढळले, तर दोन्ही खते अगदी नोटरीच्या नावापर्यंत वाचावीत.

भाडेकरू खरेदीखतात दिसत नाही, तो जनगणनेत सापडतो. तेथील नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होत असल्याने सध्या १९५० पर्यंतच्या पाहता येतात.

अमेरिकी शहरांतील इमारती दाखवणाऱ्या सॅनबॉर्न कंपनीच्या जुन्या अग्निविमा नकाशांवर विटांची इमारत गुलाबी आणि लाकडी इमारत पिवळी रंगवलेली असते. दोन वेगवेगळ्या सालांचे नकाशे शेजारी ठेवले की मागच्या अंगणात मध्येच उगवलेले गॅरेज चटकन नजरेत भरते.

एखादे नाव हाती लागले की ते जुन्या वृत्तपत्रांत, न्यायालयीन नोंदींत आणि संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या केफॉवर समितीपुढील १९५०-५१ मधील छापील साक्षींत पडताळावे. संबंधित व्यक्ती हयात नसेल, तर मृत्यूचा पुरावा जोडून माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली एफबीआयकडे फाइल मागता येते.

तळघरातील बुजवलेली खोली हा पुरावा नव्हे, हे मी आग्रहाने सांगतो, कारण ती बहुधा कोळसा साठवण्याची जागा निघते; शिवाय जुन्या बांधकामात ॲस्बेस्टॉस हा आरोग्याला घातक पदार्थ असू शकतो, त्यामुळे सध्याच्या मालकाची परवानगी आणि तज्ज्ञाची तपासणी यांशिवाय काहीही फोडू नये.

शेजारच्या वृद्धांना भेटताना आपल्याला सापडलेले नाव आधी उच्चारू नये. त्या घरी कोण येत-जात असे, एवढेच विचारावे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे.