राज्यभराचा ट्रेल: आधी जागा, मग डांबर

अमेरिकेतल्या एका राज्याच्या ट्रेल (चालण्या-सायकलीच्या लांब वाटा) आराखड्यावर मी बरीच वर्षं काम करते आहे. हल्ली आपल्यातले अनेक जण गावाच्या पार्क कमिटीवर किंवा प्लॅनिंग बोर्डावर असतात. ते फोन करून विचारतात: आमची पायवाट शेजारच्या काउंटीपर्यंत न्यायची आहे, पुढे राज्याच्या जाळ्याला जोडायची आहे, सुरुवात कुठून करू? बहुतेकांना पैशाची चिंता असते. मी आधी जागेबद्दल विचारते. पैसा उशिरा आला तरी काम होतं; सलग पट्टा एकदा तुकड्यांत विकला गेला की तो पुन्हा जुळवणं जवळपास अशक्य असतं.

पहिला नकाशा काढा तो तुटलेल्या जागांचा. आज जे ट्रेल आहेत ते एका रंगात, मधली भगदाडं दुसऱ्या रंगात. न्यूयॉर्कचा एम्पायर स्टेट ट्रेल ७५० मैलांचा आहे. त्याची घोषणा २०१७ मध्ये झाली आणि २०२० च्या अखेरीस तो पूर्ण झाला. हा वेग शक्य झाला, कारण ईरी कालव्याकाठचा आणि हडसन खोऱ्यातला बराच मार्ग आधीच तयार होता. सुमारे ४०० मैलांचे तुटक ट्रेल एकमेकांना जोडायचे होते. काही टप्पे तर आजही रस्त्याच्या कडेनेच जातात, आणि त्यात कमीपणा काही नाही. माझा आग्रह असतो की दोन लांब टप्प्यांमधला दोन मैलांचा अडथळा आधी घ्या, मग त्यात महागडा पूल का असेना. गावाच्या टोकाला आणखी चार मैल वाढवणं सोपं असतं, फोटोही छान येतात, पण जाळं त्याने विणलं जात नाही.

आता त्याच नकाशावर आधीपासून लांबलचक असलेल्या जागा टाका: बंद पडलेली रेल्वे, कालव्याचा बांध, नदीचं पूरक्षेत्र, सांडपाण्याच्या नळाची किंवा वीजवाहिनीची वहिवाट (जमीन दुसऱ्याची, पण वापराचा हक्क असलेला पट्टा). ओढ्याकाठचा सांडपाण्याचा नळ बदलायला निघाला असेल, तर त्याच खोदकामावर ट्रेल बसवता येतो. म्हणून शहराच्या पाणीखात्याची पुढच्या पाच वर्षांची कामांची यादी मागून घ्या. तेवढ्या एका कागदाने कितीतरी खर्च वाचतो.

रेल्वेच्या बाबतीत घड्याळाकडे लक्ष हवं. बऱ्याच ठिकाणी कंपनीची मालकी नसते, फक्त वहिवाट असते. मार्ग कायमचा सोडून दिला की ती वहिवाट संपते आणि जमीन शेजारच्या मालकांकडे जाते. १९६८ च्या राष्ट्रीय ट्रेल कायद्यात १९८३ मध्ये दुरुस्ती झाली आणि रेलबँकिंगची वाट उघडली: उद्या गाडी पुन्हा धावू शकेल असा हक्क राखून, तोवर तिथे ट्रेल. मिसूरीचा सुमारे २४० मैलांचा केटी ट्रेल असाच उभा राहिला. त्यासाठी सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे, म्हणजे रेल्वेमार्ग बंद करायला परवानगी देणाऱ्या केंद्रीय मंडळाकडे, अर्ज करावा लागतो. कर, देखभाल आणि अपघाताची जबाबदारी घ्यायला आपण तयार आहोत असं लिहून द्यावं लागतं, आणि रेल्वे कंपनीची संमतीही लागते. मुदत दिवसांत मोजली जाते. राज्यात कोणत्या मार्गांवर रहदारी घटते आहे याची यादी जवळ ठेवा आणि जबाबदारी घेणारी संस्था आधीच ठरवा. शेजारचे जमीनमालक केंद्र सरकारकडे नुकसानभरपाई मागू शकतात, हे १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं आहे. ही गोष्ट त्यांच्यापासून लपवू नका.

जमीनमालकांना जाहीर सुनावणीच्या आधी भेटा, एकेकट्याला, त्यांच्या घरी. एका डेअरीवाल्या शेतकऱ्याचा ट्रेलला कडवा विरोध आहे असं मला सांगितलं होतं. बोलल्यावर कळलं, त्यांची काळजी साधी होती: गुरं रोज दोनदा त्या पट्ट्यावरून जातात. दोन फाटकं आणि कुंपण नकाशावर काढून दिल्यावर त्यांनी सही केली. अपघाताच्या दाव्याची भीती सगळ्यांनाच असते. मोफत फिरू देणाऱ्या जमीनमालकाला संरक्षण देणारे कायदे राज्याराज्यांत आहेत. आपल्या राज्याचा कायदा छापून सोबत न्या.

मग पैसा. केंद्राचं कुठलंही दार ठोठावण्याआधी तुमचा मार्ग राज्याच्या कागदावर दिसायला हवा. लँड अँड वॉटर कन्झर्वेशन फंड या केंद्रीय निधीसाठी राज्याला मैदानी करमणुकीचा आराखडा दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. तो तयार होत असताना सूचना द्या. वाहतूकखात्याच्या केंद्रीय निधीसाठी प्रकल्प राज्याच्या वाहतूक सुधारणा यादीत असावा लागतो.

हा कन्झर्वेशन फंड समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून येतो, आणि २०२० च्या कायद्याने त्याचे वर्षाला ९० कोटी डॉलर कायमचे पक्के झाले. राज्यांकडे येणाऱ्या भागात निम्मा खर्च आपला. या पैशाने घेतलेली जागा कायम मैदानी करमणुकीसाठीच ठेवावी लागते. बदलायची झाली तर तोलामोलाची दुसरी जागा द्यावी लागते. काही नगरसेवकांना ही अट जाचक वाटते. मला ती फार मोलाची वाटते, म्हणून जमीन खरेदीला मी आधी हाच फंड सुचवते.

बांधकामाला ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्ह्ज हा वाहतूकखात्याचा केंद्रीय निधी. त्यात साधारणपणे ८० टक्के केंद्राचे, २० टक्के आपले. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम हा दुसरा केंद्रीय निधी त्याहून लहान, पण देखभाल आणि दुरुस्तीलाही चालतो. त्यातली ३० टक्के रक्कम मोटरवाल्या वाहनांच्या ट्रेलना, ३० टक्के बिनमोटरच्या आणि ४० टक्के मिश्र वापराच्या ट्रेलना द्यायची असते. त्यामुळे स्नोमोबाइलवाले (बर्फावर मोटरगाडी चालवणारे) आणि घोडेस्वार यांच्याशी मैत्री ठेवा. राज्याच्या सल्लागार समितीत ते तुमच्या शेजारीच बसतात. हे पैसे बहुधा परतावा म्हणून मिळतात: आधी आपण खर्च करायचा, मग बिलं पाठवायची. लहान गावाने बँकेकडून किंवा काउंटीकडून तात्पुरत्या उचलीची सोय आधीच करावी.

तरीही फक्त केंद्राच्या अनुदानावर राज्यभराचं जाळं होत नाही. दरवर्षी येणारा राज्याचा स्वतःचा झरा लागतो. मिनेसोटाच्या मतदारांनी २००८ मध्ये विक्रीकरात एक टक्क्याच्या तीन-अष्टमांश भागाची वाढ मान्य केली आणि त्यातला ठरावीक वाटा उद्यानं-ट्रेलना बांधून दिला. कोलोरॅडोने १९९२ मध्ये लॉटरीच्या पैशाला हे वळण दिलं. फ्लोरिडाने २०१५ पासून नव्या गाड्यांच्या नोंदणी शुल्कातून वर्षाला अडीच कोटी डॉलर ट्रेलसाठी काढले, आणि २०२३ मध्ये ही रक्कम दुप्पट केली. तिन्हीकडे रक्कम कायद्यात लिहिलेली आहे. आमदाराकडे जाताना एका पुलाची मागणी घेऊन जाऊ नका, असं कलम घेऊन जा.

फ्लोरिडाच्या त्या योजनेतली एक अट मी सगळ्यांना उचलायला सांगते: देखभाल कोण करणार याची लेखी हमी नसेल तर पैसे नाहीत. तुमच्या आराखड्यातही प्रत्येक मैलापुढे एक नाव असू द्या. गवत कोण कापणार, वादळानंतर पडलेलं झाड किती तासांत हलवणार, वाटेखालच्या पाण्याच्या मोऱ्या वर्षातून कितीदा साफ होणार, पंधरा-वीस वर्षांनी डांबर पुन्हा टाकायला दरवर्षी किती रक्कम बाजूला काढणार. स्वयंसेवक फांद्या छाटतील, फलक रंगवतील; मोऱ्या आणि पूल मात्र पगारी माणसाच्याच नावावर ठेवा. देखभालीचा हा करार अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान दोन सभा आधी गावाच्या बोर्डापुढे मांडा, कारण पहिल्या सभेत तो वकिलाकडे पाठवला जातोच.