पेडल दाबलं आणि ब्रेक लागलाच नाही

टाइप रेटिंगला (एखाद्या विशिष्ट विमानाच्या परवान्याच्या प्रशिक्षणाला) येणारे बहुतेक वैमानिक इंजिन बंद पडण्याची तयारी रात्री जागून करतात. ब्रेकचं प्रकरण मात्र वरवर चाळलेलं असतं. सिम्युलेटरमध्ये मागच्या, प्रशिक्षकाच्या खुर्चीवरून मी ब्रेक निकामी केला की ते लगेच उघडं पडतं. दोन्ही पाय जीव खाऊन पेडलवर, एक हात इमर्जन्सी ब्रेकच्या हँडलवर, आणि समोर धावपट्टी संपत आलेली.

सायटेशन जातीच्या अनेक छोट्या जेट विमानांत नेमकं हेच करायचं नसतं. नेहमीचा ब्रेक हायड्रॉलिक दाबावर चालतो, इमर्जन्सी ब्रेक बाटलीतल्या नायट्रोजनवर. दोन्हींच्या मध्ये शटल व्हॉल्व्ह असतो, एका वेळी एकाच बाजूचा दाब ब्रेककडे जाऊ देणारी झडप. पेडल दाबलेलं असताना हँडल ओढलं तर नायट्रोजन हायड्रॉलिकच्या टाकीकडे घुसू शकतो. म्हणून आधी पाय ब्रेकवरून खाली घ्यायचे, टाचा जमिनीला. त्याच पेडलच्या खालच्या भागाने फिरणारा रडर (शेपटीवरचं सुकाणू) मात्र सोडायचा नाही. इमर्जन्सी ब्रेक दोन्ही चाकांना सारखाच लागतो, त्यामुळे दिशा रडरनेच सांभाळावी लागते. मग हँडल हळूहळू ओढायचं आणि वेग उतरतोय असं जाणवलं की तिथेच धरून ठेवायचं. ओढ-सोड नको, कारण दर वेळी सोडलं की वायू बाहेर जातो. अँटिस्किडही (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसतं, तेव्हा हिसका दिलात तर टायर फुटलाच म्हणून समजा. बाटलीचा दाब उड्डाणाआधी स्वतः पाहा. चाकं आपत्कालीन पद्धतीने खाली काढायलाही हीच बाटली लागते.

त्याआधीचा प्रश्न जास्त अवघड: ब्रेक खरंच गेलाय का? ओल्या धावपट्टीवर अँटिस्किड दाब सोडत-धरत असतं. पेडल थरथरतं, वेग उतरत नाही, आणि वाटतं की ब्रेक गेला. चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा अंदाज सोपा आहे: टायरमधल्या पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये (ताशी सागरी मैल). १०० पीएसआयला ९० नॉट. त्या वेगाच्या वर पेडल दाबून धरा आणि अँटिस्किडला काम करू द्या. २०१४ मध्ये टेक्सासमध्ये एक फेनॉम ३०० जेट ओल्या धावपट्टीवरून पुढे निघून गेलं. वैमानिकाने इमर्जन्सी ब्रेक ओढला, अँटिस्किडचं संरक्षण गेलं, चाकं जाम झाली आणि थांबण्याचं अंतर उलट वाढलं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: अँटिस्किड चालू असेल तर ते हँडल हा शेवटचा उपाय.

ब्रेकवर सगळं अवलंबून आहे, ही समजूतही काढून टाका. चाकं टेकताच स्पॉयलर (पंखांवरच्या, उचल मोडणाऱ्या झडपा) उघडले पाहिजेत. पंखांची उचल गेल्याशिवाय चाकांवर वजन येत नाही, आणि वजन नसेल तर उत्तम ब्रेकही पकड घेत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग अर्धा झाला की तो चौथाईवर येतो, म्हणून रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी यंत्रणा) वापरायचे तर सुरुवातीलाच. फ्रान्समधल्या ल कास्तेले इथे १३ जुलै २०१२ रोजी गल्फस्ट्रीम जी-फोर जेटचा अपघात झाला, त्यात ग्राउंड स्पॉयलर सज्ज करायचेच राहून गेले होते. तिघे गेले.

परत उडायचं का? टेकल्या टेकल्या पेडल मऊ लागलं, धावपट्टी पुरेशी उरली आहे आणि रिव्हर्सर उघडलेले नाहीत, तर तुमच्या विमानाची पुस्तिका परवानगी देते का, हे ब्रीफिंगमध्येच ठरलेलं हवं. रिव्हर्सर उघडल्यावर मात्र हा विचारसुद्धा करायचा नाही.

ब्रेकच्या बिघाडाचा इशारा देणारा दिवा हवेतच लागला तर खूपच बरं. वेळ हाताशी असतो. सर्वांत लांब, कोरडी, समोरून वारा असलेली धावपट्टी मागा, टॉवरला स्पष्ट सांगा, अग्निशमन दल उभं करायला लाजू नका. इंधन जाळून वजन उतरवा. आणि 'असू दे जरासा जास्त' म्हणून वेग वाढवू नका: १० टक्के जादा वेग म्हणजे २१ टक्के जादा ऊर्जा, आणि ती तुम्हालाच जिरवायची आहे.

थांबल्यावर विमान स्वतःच्या इंजिनावर चालवत नेऊ नका, ओढून नेणारी गाडी मागवा. तापलेल्या ब्रेकवर पार्किंग ब्रेक लावू नका. चाकांना अडसर लावून घ्या. चाकातले फ्यूज प्लग (जास्त तापल्यावर वितळून हवा सोडणारी बुचं) वितळून टायर बसला तर घाबरायचं कारण नाही, ते त्यासाठीच असतात. जवळ जाणाऱ्या प्रत्येकाला मात्र समोरून किंवा मागून जायला सांगा, बाजूने नाही. चाक फुटलं तर तुकडे आसाच्या रेषेत उडतात.