आक्षीला पक्षी बघायला जाताना आधी तिथी बघा

अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव, सुरय, चिखले, तुतवार उतरतात. पण ओहोटीला गेलात तर पक्षी दूर पाण्याच्या कडेला, नुसते ठिपके दिसतील. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या दोनेक तास आधी पोचा. चढतं पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला साधारण नऊ वाजता भरती, म्हणजे सातला सुरूच्या बनाजवळ हजर! किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी ऊन पाठीशी, पिसांचे रंग स्वच्छ दिसतात. एका जागी बसून राहा. आणि थव्यात धावून त्यांना उडवू नका, कृपा करून. परतीच्या लांबच्या प्रवासाची चरबी ते इथेच साठवतात.