काळ्या रानात पाण्याचं आणि नत्राचं चक्र एकत्र शिकवताना

तक्त्यावरचं जलचक्र समुद्रापासून सुरू होतं. जालना-परभणीकडच्या मुलांना ते सोयाबीनच्या रानापासून शिकवा आणि नत्रचक्रही त्याच दिवशी, त्याच मातीत घ्या. नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, मातीतून खाली नेतं ते पाणीच, त्यामुळे दोन धडे वेगळे ठेवले की मधला दुवाच हरवतो. पेरणीनंतर ४०-४५ दिवसांनी, पीक फुलात असताना हे जमवा.

सकाळी उन्हातल्या कडुलिंबाच्या फांदीवर कोरडी, पारदर्शक पिशवी चढवून तोंड सुतळीने आवळा. शेजारी रिकामी पिशवी फुगवून बांधा. दुपारपर्यंत पानं असलेल्या पिशवीत थेंब जमतात. पानं आधीच पावसाने ओली असली, तर थेंब कुठले ते सांगता येत नाही.

खरा धडा बाटलीत आहे. १ लिटरच्या दोन बाटल्यांचं बूड कापा, तोंडाला सुती कापड बांधून उलट्या टांगा. आत दोन बोटं धुतलेली वाळू, तिच्यावर १ भाग चाळलेली काळी माती आणि २ भाग वाळू यांचं मिश्रण निम्म्यापर्यंत भरा. नुसती काळी माती फुगते, पाणी वरच तुंबतं. आधी साधं पाणी ओतून खालचं पाणी बऱ्यापैकी निवळू द्या. मग एकीत मिथिलीन ब्लू हा निळा रंग, दुसरीत इओसिन हा लाल रंग, प्रत्येकी १०० मिली, फिकं करून सावकाश ओता. निळा रंग मातीत अडकतो, लाल खाली उतरतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून धन प्रभाराचा निळा धरला जातो, ऋण प्रभाराचा लाल निसटतो. नत्राचं अमोनियम हे रूप धन प्रभाराचं, त्या निळ्यासारखं; नायट्रेट ऋण प्रभाराचं, लालसारखं. निळाही खाली आला, तर रंग गडद झालाय किंवा पाणी बाटलीच्या कडेने निसटलंय. हे निसटणं मुलांना जरूर दाखवा: भेगाळलेल्या रानात पहिला जोराचा पाऊस असाच भेगांतून खाली जातो.

आता मुळं. झाड उपटू नका, चिकट मातीत गाठी तुटून राहतात. खोडापासून एक वीत सोडून कुदळीने ढेकूळ काढा, बादलीत अर्धा तास भिजवा, हलक्या हाताने धुवा. गाठ ब्लेडने शिक्षकांनीच कापावी. आतून गुलाबी-लाल असेल तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधताहेत. पांढरी गाठ अजून कामाला लागलेली नसते, हिरवट-तपकिरी म्हातारी झालेली. युरिया भरपूर पडलेल्या रानात गाठी कमी सापडतात, कारण झाडाला आयता नत्र मिळतो.

इथे एक समज दुरुस्त करा. ‘सोयाबीन घेतलं की जमिनीत नत्र वाढतो’ हे अर्धंच खरं आहे. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, म्हणजे क्विंटलमागे ६ किलोच्या आसपास नत्र दाण्याबरोबर मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात जातो. पानगळ, मुळं आणि भुसकट रानात राहिलं तरच मागे काही उरतं. भुसकट पेटवलं तर त्यातला बहुतेक नत्र हवेत जातो. स्फुरद-पालाश बऱ्याच अंशी राखेत उरतं.

शेवटी विहिरीवर जा. नायट्रेट रंगहीन असतं, म्हणून बाटलीतला लाल रंग आठवायला लावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळून ते जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं.