लवकर गाजलेल्या स्त्रीपार्टीने पुन्हा उभं कसं राहावं

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात बायकांच्या भूमिका करणारा पुरुष नट म्हणजे स्त्रीपार्टी. सतराव्या-अठराव्या वर्षी नाव झालेला स्त्रीपार्टी तिशीच्या आत मागे पडला तर सिंधुदुर्गात कुणाला नवल वाटत नाही. आवाज जाड होतो, अंग सुटतं, जागरणाला दारूची सोबत मिळते, नाटक कंपनीच्या मालकाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, अंगावर चढते. परत यायचं तर आधी दारू, मग उचल, मग आवाज, आणि भूमिका सगळ्यात शेवटी. बहुतेक जण जुनीच भूमिका मागायला जातात आणि तिथेच फसतात.

जत्रांचा हंगाम त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सुरू होऊन पावसाच्या तोंडावर आटपतो. तेव्हा ही सगळी कामं मिरगापासून दिवाळीपर्यंत उरकायची.

रोज पिणाऱ्याने दारू एका दिवसात तोडू नये. देवासमोर नारळ ठेवायचा तर ठेवा, पण त्याआधी डॉक्टर गाठा. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत झटका येऊ शकतो, दोन-तीन दिवसांत भ्रमही होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. 14416 या टेलिमानसच्या नंबरावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

उचलीचा हिशेब मालकासमोर बसून कागदावर उतरवा, दोन प्रती, दोघांच्या सह्या. नाईटच्या, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाच्या, पैशांतून साधारण तिसरा हिस्सा कापून घ्यायला सांगा. सगळीच नाईट कापली गेली तर घरखर्चासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते आणि चक्र तिथेच फिरत राहतं.

आवाजाचं काम रोजचं. सकाळी दहा मिनिटं ओठ मिटून हुंकार, मंद्रातून हळूहळू वर. पूर्वी पेटीच्या काळी चार पट्टीत गात असाल तर आता खालची काळी एक किंवा पांढरी दोन धरून बघा आणि पेटीवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने जुनीच पट्टी धरतो आणि पहिल्याच पदात गळा फुटतो. घसा बसला तर कुजबुजू नका, त्याने ताण वाढतो, गप्प बसा. पालखीनंतर मध्यरात्री नाटक उभं राहतं, म्हणून जेवण नऊच्या आत, तिखट कमी. आंबट वर आलं की घसा सोलतो. तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

आता भूमिका. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातला, संकासुर हा विनोदी राक्षस मागून घ्या. अंगभर काळं, तोंड झाकलेलं, त्यामुळे लोक जुना चेहरा शोधत बसत नाहीत आणि ‘आता पयल्यासारखो रवलो नाय’ म्हणायला त्यांना जागा मिळत नाही. इथे चालते ती फक्त जीभ. पण मालवणी विनोद गंजलेला असेल तर पाच मिनिटांत उघडा पडतो. संवाद लिहिलेले नसतातच, म्हणून पावसाळ्यात एका जोडीदारासोबत एकेक प्रसंग घेऊन वीस मिनिटं न थांबता बोलायचा सराव करा. अडलात तरी मागे जायचं नाही. रंगमंचावरही जाता येत नाही. संकासुर जमला की नारद, मग ऋषी. राजपार्टाची, म्हणजे राजाच्या भूमिकेची, घाई नको, त्याला दमसास लागतो.

जुनी हँडबिलं, फोटो, प्रमाणपत्रं फायलीत लावून ठेवा. राज्याच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी वयाची 50 वर्षं आणि कलेतली 15 वर्षं दाखवावी लागतात, आणि ट्रंकेतली हँडबिलं पावसाळ्यात वाळवी खाते.