फॉर्म्युलाची छुपी जाहिरात कशी ओळखायची आणि तक्रार कशी करायची

आधीच सांगते, ज्या बाळाला खरंच गरज आहे त्याला फॉर्म्युला, म्हणजे अंगावरच्या दुधाऐवजी द्यायचं डब्यातलं दूध, द्यायचा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. माझा राग डब्यावर नाही, कंपन्या तो ज्या पद्धतीने आईच्या गळ्यात मारतात त्यावर आहे.

जागतिक आरोग्य सभेने (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांची सभा) १९८१ मध्येच यासाठी एक कोड, म्हणजे नियमावली, मंजूर केलाय, विरोधात मत फक्त अमेरिकेचं होतं. कोड विक्री थांबवत नाही. लोकांपुढे जाहिरात नको, फुकट सॅम्पल नको, गिफ्ट नको, डिस्काउंट नको, कंपनीच्या माणसाने गरोदर बाईला गाठायचं नाही, आणि डब्यावर गुबगुबीत बाळाचा फोटोसुद्धा नको. पण कोड म्हणजे कायदा नाही, त्यामुळे पहिलं काम म्हणजे आपल्या देशाने त्यातलं किती कायद्यात घेतलंय ते बघणं.

सॅम्पलवर एवढा कटाक्ष का, तर अंगावरचं दूध बाळ जेवढं ओढेल तेवढं बनतं. मध्येच एक बाटली दिली की एक पाजणं चुकतं, असं रोज झालं की दूध खरंच कमी होतं, मग "बघ, तुला पुरतच नाही" म्हणणारे खरे ठरतात आणि तोवर सॅम्पल संपलेलं असतं. पुढचा डबा विकतच आणायचा!

आता जाहिरात ओळखायची कशी? ती जाहिरातीसारखी दिसतच नाही हो. प्रेग्नन्सी ॲपमध्ये तारीख टाकली की कंपनीचे "टिप्स" सुरू होतात, एखादी इन्फ्लुएन्सर रात्री बाळ झोपत नाही म्हणून रडते आणि मागे डबा दिसतो. वर्षाच्या पुढच्या मुलांचं दूध तर मुद्दाम त्याच रंगात, त्याच लोगोत येतं, म्हणजे एकाची जाहिरात केली की दुसऱ्याची आपोआप होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार ३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विकलेली दुधंही या कोडमध्येच धरायची.

दिसलं की आधी स्क्रीनशॉट, कारण स्टोरी २४ तासांत गायब होते. अकाउंटचं नाव, लिंक, तारीख आलीच पाहिजे. डबा असेल तर सगळ्या बाजूंचे फोटो, कुणी दिला, कुठे दिला हे लगेच लिहून ठेवा. दुसऱ्या आईचा किंवा बाळाचा फोटो त्यात नको. सॅम्पल ओळखीत कुणाला देऊन टाकू नका, नाहीतर कंपनीचं वाटपाचं काम तुम्हीच केल्यासारखं होतं.

मग आरोग्य खात्याकडे किंवा लेबल तपासणाऱ्या यंत्रणेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार नंबर मागून घ्या. दवाखान्यात कंपनीचं पोस्टर किंवा पेन दिसलं तर लगेच भांडायला जाऊ नका, कितीतरी नर्सना हा नियम कुणी सांगितलेलाच नसतो. आधी शांतपणे विचारा, पुढच्या वेळीही तिथेच असेल तर फोटो काढा.