मामा तलावात पाणवनस्पती पुन्हा कशा रुजवाव्यात

तलावाचं पुनरुज्जीवन म्हटलं की गावोगाव एकच प्रकार होतो. पोकलेन येतं, महिनाभर गाळ उपसला जातो, फोटो निघतात, आणि दोन वर्षांनी ढिवर, म्हणजे मासेमारी करणारा समाज, सांगतात की तलावात पाणी आहे पण मासा नाही. मासा राहील कसा? अंडी घालायला, लपायला, खायला त्याला जी झाडं लागतात ती गाळाबरोबर बाहेर गेलेली असतात, नाहीतर बेशरम नावाच्या फोफावणाऱ्या झुडपानं त्याआधीच मारलेली असतात. पाण्याखालची झाडं परत आणल्याशिवाय तलावाचं काम पूर्ण झालं असं मी मानत नाही.

हा लेख भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’, तलावांसाठी आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेल्या या तलावांची संख्या काही हजारांत आहे. नवेगावबांध त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. १९५०-५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि वर्षानुवर्षं पाळीवर (तलावाच्या बांधावर) माती टाकणारे, तुडुम (पाणी सोडायचं दार) दुरुस्त करणारे हात हळूहळू सुटले. इथे सांगितलेली रीत माझी नाही. ढिवर समाजातले पतिराम तुमसरे यांच्यासारखे जाणते मासेमार, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि अर्जुनी मोरगावकडचे ढिवर महिलांचे गट यांनी ती कामातून बसवली. पाच-दहा एकरांचा तलाव किंवा एखादी बोडी (लहान तळं) डोळ्यांपुढे ठेवून वाचा.

परवानगी

शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे असतात आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे. दोघांनाही लेखी कळवा आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. तलाठ्याकडून निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, या गावाच्या सामायिक हक्कांच्या जुन्या नोंदी, काढून पाहा, बांध्यांच्या (धानाच्या शेतांच्या) पाण्याचे हक्क त्यांत असतात. तलाव वनहद्दीत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही येतो, तो मागा. जुन्या तलावाची दुरुस्ती रोजगार हमीत बसते, त्यामुळे बेशरम काढण्याच्या कामाची मजुरी गावातच राहू शकते.

बेशरम

एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना काढा. बेशरम नुसतं कापणं म्हणजे त्याची लागवड करणं आहे. प्रत्येक पेरातून त्याला मुळं फुटतात, कापलेला दांडा ओल्या गाळावर पडला की पावसाळ्यात तिथे नवं झाड उभं राहतं. बुंध्याखाली कुदळ घालून गड्ड्यासकट उपटा. दांडे तलावाच्या पोटात ठेवू नका, पाळीवर तर मुळीच नको. उंच, तापलेल्या, खडकाळ जागेवर पसरून कडकडीत वाळू द्या. चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या आणि शेळ्यांना तिकडे फिरकू देऊ नका, बेशरम जनावरांना विषारी आहे.

जो गड्डा काही केल्या निघत नाही, तो जमिनीलगत कापा आणि पावसाचं पाणी त्यावर किमान दोन फूट चढेल अशाच ठिकाणी सोडा. पाण्याखाली हवा न मिळाल्यानं असे बरेच गड्डे कुजतात. पाणकणसालाही हाच उपाय लागू पडतो. तणनाशक फवारा असा सल्ला हमखास मिळेल. ज्या पाण्यात बाया उतरतात, म्हशी बसतात आणि ज्यातला मासा आपण खातो, तिथे ते मारायचं नाही. यावर चर्चासुद्धा करू नका.

पुढची दोन वर्षं दर उन्हाळ्यात एक फेरी मारावीच लागते.

गाळ

गाळ काढायचा तर थोडा काढा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून शेतकरी तो शेतात नेतात, चांगलंच आहे. पण पाळीच्या पायथ्याला लागून खणायचं नाही, पाळ खचते. मुरूम लागेपर्यंत खणायचं नाही, पाणी जिरून जातं. आणि तलावाचे उथळ, सपाट काठ उभे कापायचे नाहीत. तलावात जीव असतो तो याच उतरत्या काठावर. तलावाचा एक तृतीयांश भाग तरी यंत्र न फिरवता ठेवा, जुन्या झाडांचे कंद आणि बिया तिथल्या मातीत असतात. जिथे लावणी करायची तिथे मृगाच्या आधी एकदा नांगर फिरवा. वर्षानुवर्षं ढोरांच्या खुरांनी दडपलेली माती मोकळी झाली नाही तर मुळं खाली जात नाहीत.

लावणी

आता खरं काम. आम्हाला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. पहिला पाऊस पडला की रोपं टाका, असं सांगणाऱ्याला तलाव कसा भरतो ते माहीत नसतं. पहिल्या पावसाचं पाणी चहासारखं गढूळ असतं. त्यात पाण्याखालच्या झाडाला ऊन मिळत नाही, आठ-दहा दिवसांत ते पिवळं पडून सुटतं. शिवाय आज गुडघाभर असलेलं पाणी दोन झडींनंतर छातीपर्यंत चढतं. काठावर म्हणून लावलेलं झाड मग खोल पाण्यात बुडून मरतं.

म्हणून लावणीचा हिशोब पावसावर करू नका, पाण्याच्या रेषेवर करा. तलावाला एक नाही, तीन रेषा असतात. पहिली, सांडव्यावरून पाणी वाहू लागतं तेव्हाची भरलेली रेषा. दुसरी, धानाला पाणी सोडल्यानंतरची रेषा. सप्टेंबर-ऑक्टोबरात धान निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) पावसानं दगा दिला की तुडुम उघडतं आणि पाणी काही दिवसांतच फुटा-फुटानं उतरतं. तिसरी, मे महिन्यात पाणी जिथे उरतं ती. या तिन्ही रेषा गावातल्या दोनच माणसांना नेमक्या माहीत असतात, तुडुम उघडणाऱ्याला आणि रोज जाळं टाकणाऱ्याला. उन्हाळ्यात त्यांना तलावात फिरवा आणि ते दाखवतील तिथे बांबू रोवा. दुसऱ्या कुणाला विचारून हे काम करू नका. नकाशावरून तर नकोच.

पहिल्या आणि दुसऱ्या रेषेच्या मधला पट्टा थोडे महिने भिजतो, मग उघडा पडतो. तिथे उघडं पडणं सोसणारीच झाडं टिकतात: देवधान, म्हणजे रानटी धान, आणि लव्हाळ्यासारखे सरळ हिरवे दांडे असलेलं, मातीत लहान कंद धरणारं एलिओकॅरिस डल्सिस. हे कंद सारसही उकरून खातो. दुसऱ्या रेषेच्या खाली, ऑक्टोबरनंतरही फूट-दीड फूट ते तीन फूट पाणी राहील तिथे तरंगत्या पानांची झाडं लावा, म्हणजे पोयणीचे प्रकार आणि लहान पांढऱ्या झालरदार फुलांची निम्फॉइड्स. त्याहून खोल, तिसऱ्या रेषेच्या आसपास, पूर्ण पाण्याखाली राहणारी हायड्रिला, व्हॅलिसनेरिया आणि सेराटोफायलम. प्रत्येक गावात यांची नावं वेगळी आहेत. तुमच्या गावचे ढिवर ज्या नावानं ओळखतात ते नाव वापरा आणि झाड डोळ्यांनी पाहूनच घ्या.

वेळ अशी ठरवा. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःच्या पायाची बोटं दिसतात का पाहा. दिसू लागली की पाण्याखालची झाडं लावायला घ्या, त्याआधी नाही. आमच्या भागात हे बहुधा पोळ्याच्या आसपास जमतं. काठावरची झाडं त्याही नंतर, तलाव एकदा भरून पातळी थांबली की.

रोपं आणायची ती जवळच्याच, अजून जिवंत असलेल्या तलावातून. तिथल्या संस्थेला विचारून, आणि एका जागेवरून मूठभरापेक्षा जास्त न उपटता. शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानातून किंवा रोपवाटिकेतून काहीही आणू नका, जलपर्णी अशाच वाटांनी पसरते. आणलेली प्रत्येक जुडी पाण्यानं भरलेल्या टोपल्यात झटकून तपासा. जलपर्णीचं एक पिल्लू किंवा बेशरमाचं एक पेर सापडलं तरी ती जुडी उन्हात फेका. रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीतून न्या आणि त्याच दिवशी लावा. दुसऱ्या दिवशी लावू म्हणून ठेवलेली हायड्रिला वाया गेलीच समजा.

प्रत्येक झाडाची पद्धत वेगळी आहे. हायड्रिलाच्या सात-आठ काड्या एकत्र घेऊन खालच्या टोकाला चिकणमातीचा गोळा थापा आणि जागेवर सोडा, पेरांतून मुळं फुटतात. व्हॅलिसनेरिया मुळासकट, पानांचा बुडखा मातीत न गाडता लावा. बुडखा गाडला की ते कुजतं. सेराटोफायलमला मुळं नसतातच, त्यामुळे ते रोवत बसू नका, जाळीच्या आत नुसतं सोडा. पोयणीचा कंद आडवा ठेवून कोंब वर मोकळा राहील एवढीच माती लोटा. देवधान आणि एलिओकॅरिस धानाच्या रोवण्यासारखंच लावायचं आणि ते गावातल्या बायांइतकं चांगलं कुणालाच येत नाही. या कामाची मुखत्यारी त्यांच्याकडेच द्या. एखाद्या संस्थेचा माणूस काठावर उभा राहून त्यांना सूचना देत असेल, तर त्याला पाण्यात उतरवा.

सगळ्या तलावभर विरळ लावू नका. विरळ लावलेलं मासे, म्हशी आणि लाटा मिळून संपवतात. दहा बाय दहा फुटांचे दाट तुकडे करा, वेगवेगळ्या खोलीवर, आणि प्रत्येक तुकड्याभोवती बांबू रोवून जुनं जाळं बांधा. जाळ्याचा खालचा काठ मातीत दाबून घ्या, नाहीतर मासे खालून शिरतात. तुकडा पसरून जाळ्याबाहेर येऊ लागला की तो स्वतःच्या बळावर जगतो. त्याआधी जाळं काढू नका, कुणी कितीही घाई केली तरी. मधलं खोल पाणी मोकळंच राहू द्या. झाडांनी साधारण तिसरा हिस्सा व्यापला तर पुरे.

पावसाळ्यात काठावरच्या दाट झाडीत किंवा लगतच्या बांधीत सारसाचं घरटं दिसलं, तर त्या बाजूचं काम थांबवा. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलाय. लावणी पुढच्या वर्षी होईल.

मासळीचं बी

पहिल्या वर्षी गवत्या मासा, म्हणजे ग्रासकार्प, सोडायचा नाही. तो तुमची सगळी लावणी खाईल. सायप्रिनसही (कॉमन कार्प) नको, तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि झाडं मुळापासून सुटतात. बियाणं विकणारे या दोघांची भेसळ करून देतात, म्हणून पिशवी तलावात सोडण्याआधी घमेल्यात ओतून पाहा. कटला, रोहू, मृगल बेतानं सोडा. मरळ, शिंगी, झिंगे यांना जागा मिळाली की ते आपोआप वाढतात. मरळ झाडांच्या मधोमध जागा साफ करून तिथे अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. त्या दिवसांत तिथे जाळं टाकू नये, एवढा ठराव संस्थेकडून करून घ्या.

पहिला उन्हाळा

पाणी उतरलं की लावलेले तुकडे सुकून नाहीसे होतात आणि लोक म्हणतात, सगळं मेलं. मेलेलं नसतं. हायड्रिलाचे बारीक कंद मातीत जिवंत असतात, एलिओकॅरिसचेही, आणि पाणी आलं की ते फुटतात. त्या जागा उन्हाळ्यात पुन्हा नांगरू नका. विटभट्टीला तिथली माती देऊ नका. तलावाच्या पोटात कुणी उन्हाळी पीक घेत असेल तर या जागा सोडायला सांगा, आणि बाकीच्या पिकावरही कीटकनाशक नको, पहिल्या पावसात ते सगळं तलावातच उतरतं. बांबू मात्र तसेच राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी जागा सापडत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात हायड्रिला फार माजली तर घाबरून औषध शोधू नका. वरच्या शेतांतून युरिया वाहून येतोय, असा बहुधा त्याचा अर्थ असतो. पाणी येण्याच्या वाटेवर गवताचा पट्टा राखा आणि जास्तीची झाडं हातानं ओढून खतात टाका. ओढताना टोपलीत झिंगे आणि पिल्लं येतात, ती आधी पाण्यात झटकून सोडा.

संस्थेच्या वहीत मासळीचं एकूण वजन लिहिलेलं असतं, तेवढं पुरत नाही. सोडलेला मासा वेगळा आणि तलावात आपोआप आलेला मासा वेगळा, अशा दोन ओळी करून लिहा, जातीच्या नावासह. झाडं लावण्याआधीच्या हंगामापासूनच सुरुवात करा, म्हणजे पुढच्या ठेक्याच्या वेळी जिल्हा परिषदेत दाखवायला तुमच्या हातात आकडा राहील.